इंजिन कुठे बंद करणार?

भिगवणच्या पक्ष्यांची अर्धी सहल आदल्या रात्री फोनवरच ठरते. कुंभारगावच्या काठावर होड्या पुष्कळ आहेत. हंगामातल्या रविवारी पहाटे तिथे गाडी थांबली की तीन-चार जण एकदम पुढे येतात. एकाची होडी मोठी असते, दुसऱ्याचं इंजिन नवं असतं, तिसरा सांगतो, ‘ताई, आपण एकदम जवळ नेतो.’ उजाडायची घाई असते, मुलं पेंगत असतात, आणि माणूस जो पहिला बोलावेल त्याच्या होडीत जाऊन बसतो. मी बारामतीची; उजनीचं पाणी आम्हाला तासाभराच्या आत. तरीही निघण्याआधी फोन करते, आणि भाडं होडीमागे की माणशी हे मागाहून विचारते. आधी विचारते ते असं : ‘रोहित दिसले की इंजिन कुठे बंद करणार?’ रोहित म्हणजे फ्लेमिंगो.

‘तुम्ही म्हणाल तिथं’ असं उत्तर आलं की मी फोन ठेवते. ‘बंद कशाला, पार मधी घालतो की’ असं म्हणणारेही भेटतात. यंदा मार्चच्या अखेरीला ज्यांच्या होडीत बसलो, त्या काकांचं उत्तर मी तसंच लक्षात ठेवलं आहे. ते म्हणाले, ‘लांबनंच बंद करतो. पुढं बांबूनं. पाखरू खायचं सोडून मान वर करून बगाया लागलं, की मी थांबतो. तिथनं पुढं न्हाई.’

माझा भाचा आणि भाचेसून तेव्हा पुण्याहून आले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं अंदमानला निघालेली. स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, कुठली बोट घ्यायची यावर त्यांचं घरात रोज बोलणं चाले. स्पीडबोटीने एलिफंट बीच आणि तिथे तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घालायचं, की काचेच्या तळाची बोट, की जेवणासकट दिवसभराची बेटं, की संध्याकाळची सूर्यास्ताची फेरी? सगळ्यांचे फोटो एकसारखे निळे, सगळ्यांची आश्वासनं एकसारखी. सून म्हणाली, ‘आत्या, तुम्ही इतक्यांदा होडीत बसता, तुम्हीच सांगा.’ समुद्राचं मला काय कळणार? पण होडी आणि होडीवाला कसा पाहावा हे उजनीवर शिकता येतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून म्हटलं, आधी भिगवण करू.

बारामतीहून अंधारात निघालो. गाळप संपत आलं होतं, तरी रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्याच. मदनवाडीचा चौफुला ओलांडला, सोलापूर हायवे मागे पडला, आणि कुंभारगावच्या अलीकडेच हवेला ओल्या गाळाचा आणि मासळीचा वास यायला लागला.

या पाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय इथली होडी समजायची नाही. भीमाशंकरला उगवलेली भीमा पंढरपूरला पोचण्याआधी माढा तालुक्यात उजनीपाशी अडवली आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचा फुगवटा मागे पसरत इंदापूर, करमाळा, कर्जत आणि दौंड या चार तालुक्यांत शिरला, आणि काठावरची गावंच्या गावं उठून वर सरकली. जलाशयाचं नाव यशवंतसागर, पण आमच्या तोंडी उजनीच. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. त्यामुळे आमच्याकडे धरण रिकामं होत नाही, ते ‘मायनसमध्ये’ जातं. २०२४च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली उतरलं होतं.

हे आकडे शेतकऱ्याला पाठ असतात तसे होडीवाल्यालाही असावे लागतात. पावसाळ्यानंतर जलाशय काठोकाठ असतो तेव्हा पाणी नुसतं खोल; लांब पायांच्या पक्ष्याला पाय टेकायला जागा नसते. मग कालव्याला आवर्तनं सुटतात, सोलापूरला पिण्यासाठी नदीतून पाणी जातं, आणि काठ हळूहळू आत सरकू लागतो. जिथे आठ दिवसांपूर्वी होडी चालत होती तिथे गुडघाभर गाळ उघडा पडतो, त्यावर कुणी गाळपेराची वैरण टाकतं, आणि त्याच्या पुढच्या वीतभर पाण्यात पक्ष्यांचं पान वाढलेलं असतं. गाळात एकपेशीय शेवाळ, बारीक किडे, शंख, कोळंबीची पिल्लं. म्हणजे पक्षी एका जागी नसतातच. पाण्याची कड जाईल तिकडे ते जातात. ती कड आज कुठे आहे हे ज्याला कालच्या जाळ्यावरून माहीत आहे, तोच खरा इथला माहीतगार. काठावरच्या कितीतरी घरांची मूळ कमाई अजून मासळीचीच आहे. पाहुण्यांना फिरवणं नंतर आलं. जो अजून जाळं टाकतो त्याची होडी मी आधी घेते.

काकांची होडी दिसायला साधी होती. सपाट तळाची, बसायला आडव्या फळ्या, मागे लहानसं इंजिन, आणि कडेला टाकलेला लांब बांबू. शेजारी छत आणि गाद्या असलेली एक मोठी होडी उभी होती. सुनेची नजर तिकडे गेली ते मी पाहिलं. छताच्या होडीत ऊन लागत नाही हे खरं. पण ती जड असते, उथळ पाण्यात अलीकडेच थांबते, आणि माणसं जास्त बसल्यामुळे बोलणंही जास्त होतं. सकाळच्या दोन तासांसाठी टोपी पुरते.

बसण्याआधी काकांनी लाइफ जॅकेटं काढली. भाचा म्हणाला, ‘काका, मला पोहता येतं.’ काका म्हणाले, ‘मला बी येतंय. मी बी घालतो.’ आणि त्यांनी खरोखरच आधी स्वतःचे पट्टे आवळले, मग आमचे ओढून पाहिले. इतक्यात मागून एक जोडपं आलं. आणखी दोघं सहज मावतील, भाडं वाटून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांना भावाच्या होडीचा रस्ता दाखवला आणि बांबूने काठ रेटला.

तांबडं फुटत होतं. पहिल्यांदा दिसले ते शेकाटे, लाल काड्यांसारख्या पायांवर तुरुतुरु चालणारे. मग चांदव्यांचा काळा थवा, कपाळावर पांढरा टिळा. चक्रवाकांच्या जोड्या गाळावर बसून आपापसात ओरडत होत्या. पट्टकादंब हंस बहुतेक परतीला लागले होते. चार-पाच मागे राहिलेले चरताना दिसले. हिवाळा इथे काढून हिमालय ओलांडणारा हा पक्षी सात हजार मीटरांच्या आसपास उडताना नोंदला गेला आहे, आणि इथे तो गाळपेरातली कोवळी पाती खुडत असतो. प्लास्टिकच्या बाटल्यांचे तरंगते बोये बांधलेली जाळी काका वळणं घेत चुकवत होते. एक होडी रात्रीची चिलापी घेऊन काठाकडे चालली होती, तिच्यामागे कुरव पक्ष्यांचा गलका. पलीकडच्या एका होडीतली मुलं कुरवांना शेव टाकत होती. काका एवढंच म्हणाले, ‘त्येंचं खाणं न्हाई ते.’

मग ते थांबले. इंजिन बंद झालं. मला वाटलं होतं त्याहून बरंच लांब. पुढे पाण्याच्या कडेला फिकट गुलाबी रेघ होती आणि भाच्याच्या चेहऱ्यावर सरळ निराशा. ‘इतक्या लांबून?’ असं तो बोलला नाही, पण कॅमेऱ्याकडे पाहिलं. काकांनी बांबू गाळात रोवला, होडी किंचित सरकवली, थांबले. पुन्हा सरकवली, थांबले. प्रत्येक वेळी त्यांचं लक्ष थव्याच्या अलीकडच्या टोकाला.

रोहित खाताना मान खाली सोडतो आणि चोच उलटी करून गाळ-पाणी आत घेतो. जीभ पंपासारखी मागे-पुढे करून पाणी बाहेर फेकतो आणि चोचीतल्या बारीक पट्ट्यांच्या गाळणीत अन्न राहतं. त्या अन्नातल्या रंगद्रव्यांतूनच पिसांना गुलाबी छटा येते. म्हणून थव्यातली लहान पिल्लं अजून राखाडी-मळकट दिसतात. हे काम सावकाशीचं आहे. एवढ्या मोठ्या पक्ष्याला पोट भरायला दिवसाचे कित्येक तास असं चालत राहावं लागतं. कच्छच्या रणात त्यांची वीण होते, आणि तिकडे परतण्याआधीचे हे आठवडे अंगावर चरबी धरण्याचे असतात. आम्ही पाहत होतो ते त्यांचं जेवण होतं.

ते जेवण मोडलं डावीकडून आलेल्या एका होडीने. इंजिन चालूच. पुढे उभे राहिलेले तिघे-चौघे फोन उंच धरून ओरडत होते, ‘उडवा, उडवा!’ होडी थव्याच्या दिशेने सरळ गेली. आधी सगळ्या माना एकदम वर झाल्या, मग थवा चालायला लागला, मग पाण्यावर धावत धावत एकेक करून उठला. आणि पंख उघडले तसा आतला शेंदरी-लाल रंग आणि त्याची काळी किनार आकाशभर पसरली. ते दृश्य सुंदर होतं, यात मला शंका नाही. आमच्या होडीतही सुनेच्या तोंडून ‘अहाहा’ निघालं. थवा फिरला आणि पार पलीकडे, करमाळ्याच्या बाजूला, नजरेआड जाऊन बसला. ती होडी वळली. तिची सहल झाली होती. तिच्यामागून तासाभरात येणाऱ्या सगळ्या होड्यांची मात्र गेली होती.

काका रागावले नाहीत. म्हणाले, ‘पोरगं चांगलंय ते. गिऱ्हाईक म्हणतंय उडवा, वर पैसं देतंय. मग उडवतंय.’

माझा जीव अडकतो तो इथे. उडवणाऱ्या पोराला दोष देऊन आपण मोकळे होतो, पण बक्षिसी देणारा हात आपला असतो. होडी निवडताना ‘सगळ्यात जवळ कोण नेतं’ असं दहा जणांनी विचारलं, तर अकराव्यासाठी काठावर तसलीच होडी उरेल. उलट दहा जणांनी इंजिन कुठे बंद करणार असं विचारलं, तर ते पोरगंही बांबू उचलेल. त्याला पाणी माहीत आहे, हात तयार आहे.

काकांनी आम्हाला तिथेच धरून ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. ऊन वर आलं. चमचा पक्ष्यांची एक रांग पाणी ढवळत गेली, चित्रबलाक येऊन उभा राहिला. तो इथला घरचा. इंदापूर तालुक्यातल्याच भादलवाडीच्या तलावात बाभळींवर या चित्रबलाकांची वसाहत भरते. मग थव्यातून मागे राहिलेले, आणि काही पलीकडून परतलेले रोहित, खात खात कडेकडेने आमच्याच बाजूला यायला लागले. आम्ही गप्प होतो, होडी हलत नव्हती, तेव्हा ते आम्हाला पाण्यातल्या एखाद्या बाभळीच्या खोडासारखं धरून चालले. भाच्याचे चांगले फोटो तेव्हाचे आहेत. चोचीतून गळणारं पाणी दिसावं इतके.

परतताना मी दोघांना मालवणची गोष्ट सांगितली. सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांवर प्रवाळ आहे. तिथला सागरी भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे पाण्यात डोकं घातलं तेव्हा ज्या बोटीतून मी गेले, तिच्यावरचा मुलगा पाव कुस्करून टाकत होता, म्हणजे मासे चेहऱ्यापाशी जमावेत आणि फोटो यावा. मासे जमले खरे. पण पावावर जमलेले मासे खडकावरचं शेवाळ खात नाहीत, आणि ते शेवाळ कुणी खाल्लं नाही तर प्रवाळ त्याखाली गुदमरतो. आणि बोटीचा नांगर त्याच खडकावर पडला, तर कित्येक वर्षांत बोटभर वाढलेली फांदी एका क्षणात मोडते. थायलंडमधल्या माया बे नावाच्या खाडीचं हेच झालं. एका हॉलिवूडपटामुळे ती जगभर गाजली, रोज बोटींची रीघ लागली, प्रवाळ मोडून गेला, आणि २०१८ साली सरकारला ती बंद करावी लागली. २०२२ मध्ये उघडली ती या अटीवर, की बोटी खाडीत शिरायच्या नाहीत. बेटाच्या मागच्या अंगाला लागायचं आणि चालत यायचं. बंदीच्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क तिथे पुन्हा दिसू लागले होते.

‘म्हणजे अंदमानला नांगराचं विचारायचं,’ सून म्हणाली. तेच. बोट नांगर टाकते की आधीच बांधून ठेवलेल्या बोयाला दोर अडकवते? प्रवाळावर उभं राहू नका असं पाण्यात उतरण्याआधी सांगणारं कुणी आहे का? माशांना खायला घालतात का? वंडूरहून जॉली बॉय बेटावर जाणारी फेरी मला त्यासाठी आवडते. तो भाग महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो. वर्षातले काही महिने जॉली बॉय खुलं असतं तर उरलेले रेड स्किन, म्हणजे दोन्ही बेटांना आळीपाळीने विसावा मिळतो. प्लास्टिक नेऊ देत नाहीत. परवाने मर्यादित असतात, म्हणून आधी ठरवावं लागतं आणि गैरसोय होते. जिथे थोडी गैरसोय आहे ती फेरी घ्यावी, असं माझं मत आहे.

काठावर येऊन भाकरी, चिलापीचं कालवण आणि तळलेले तुकडे खाल्ले. भिगवणच्या मासळीबाजाराचं नाव पुण्यापर्यंत आहे, आणि उजनीची चिलापी त्याच दिवशी खावी.

जेवताना वारा सुटला होता. बॅकवॉटरचं पाणी सकाळी तेलासारखं पडून असतं, दुपारनंतर वाऱ्याला मोकळं मैदान मिळतं. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचं वादळ उठलं की या पाण्याचा भरवसा नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी अशाच वादळात उलटली. सात जण होते. एक पोहून काठाला लागला, सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. ती सहलीची होडी नव्हती. धरणाने दोन्ही काठ तोडल्यापासून इकडची माणसं तिकडे सोयरिकीला, दवाखान्याला, बाजाराला अशीच जातात; मोटारसायकलीसुद्धा होडीत चढवून नेतात, कारण रस्त्याने मोठा वळसा पडतो. आपण हौसेने बसतो त्याच पाण्यात कुणी नाइलाजाने बसतं, हे मला तिथे गेलं की विसरता येत नाही. आणि हौसेने बसणाऱ्याला तर जॅकेट न घालण्याचं, संध्याकाळी उशिरा निघण्याचं काहीच कारण नाही.

आम्हाला त्या दिवशी पळसदेवही पाहायचं होतं. हायवेवरून इंदापूरकडे जाताना हे गाव लागतं. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं, गाव वर येऊन वसलं, आणि पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर आतच राहिलं. पाणी उतरू लागलं की आधी शिखर बाहेर येतं, मग खांब, आणि फारच ओढ बसलेल्या वर्षी लोक चालत दर्शनाला जातात. आम्ही काठावर पोचलो तेव्हा शिखर चांगलं वर आलं होतं. तिथवर होडीनेच जावं लागणार होतं, आणि मधल्या पाण्यावर लाटांचा पांढरा फेस उठत होता.

काठावर एक तरुण होडीवाला बसला होता. दिवसभरात त्याला फारसं कुणी मिळालं नसावं. भाच्याने विचारलं, येतोस का? त्याने पाण्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. भाच्याने भाडं वाढवून सांगितलं. ‘दादा, पैशाचं न्हाई. वारं बगा की. जाताना जाऊ, येताना अंगावर घेतंय पाणी.’ पलीकडे आणखी एक होडी होती, तिचा मालक तयार होता, हाताने बोलावतही होता. मी काही बोलण्याआधीच सून म्हणाली, ‘आपण यांच्याबरोबरच जाऊ. उद्या येऊ.’

ठरलं. त्या रात्रीचा मुक्काम बारामतीला घरी. त्या मुलाने सकाळी सहाला बोलावलं, ऊन चढायच्या आत परत आणतो म्हणाला, आणि नंबर देताना एक अट घातली : निघण्याआधी फोन करायचा, पहाटे वारा असला तर उद्याही होडी निघणार नाही.